निसर्गाचा नकाशा आणि नगराचा धनी

इयान मॅकहार्ग यांचा ‘डिझाइन विथ नेचर’ हा ग्रंथ १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याचे परीक्षण लिहावयास घेणे कित्येकांस अप्रासंगिक वाटेल. परंतु ग्रंथाग्रंथांत भेद असतो. काव्याचे किंवा कादंबरीचे गुणदोष वाचन संपताच सांगता येतात. नगरे कोठे व कशी वसवावीत हे शिकविणाऱ्या ग्रंथाचा निर्णय मात्र त्याच्या सल्ल्याने वसलेल्या गावांवरून काही पावसाळे गेल्यावाचून करता येत नाही. ते पावसाळे आता होऊन गेले आहेत. शिवाय ज्या प्रश्नास हा ग्रंथ हात घालतो, तो आज आमच्या वाचकांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. माणसांची वस्ती वाढणारच. मग ती वाढत असता ओढे, टेकड्या, खाजणे आणि राने यांचे काय करावयाचे? एक पक्ष वाढ हवी म्हणून निसर्गाचा बळी देण्यास सिद्ध असतो. दुसरा निसर्ग हवा म्हणून वाढीकडे पाठ फिरवितो. मॅकहार्ग यांचे म्हणणे असे की, हे भांडण बव्हंशी अज्ञानातून उद्भवले आहे. कोणती जमीन वस्तीचा भार सोसते व कोणती सोसत नाही, हे जमीनच सांगत असते, ऐकणारा पाहिजे. हे म्हणणे कितपत खरे ठरले, आणि जेथे ते अपुरे पडले तेथे का अपुरे पडले, एवढेच पाहण्याचा आमचा हेतू आहे.

ग्रंथकाराचा परिचय ग्रंथ समजण्यास आवश्यक आहे. मॅकहार्ग यांचा जन्म १९२० साली स्कॉटलंडमधील क्लाइडबँक या कारखानदारी गावी झाला. एका बाजूस धुराने काळवंडलेले ग्लासगो शहर आणि दुसऱ्या बाजूस हिरवी कुरणे व डोंगर, अशा दोन जगांच्या सीमेवर त्यांचे बाळपण गेले. महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून त्यांनी काम केले. पुढे हार्वर्ड येथे शिक्षण झाले. क्षयाने गाठले असता एका उदास रुग्णालयातून स्वित्झर्लंडच्या डोंगरातील मोकळ्या हवेत गेल्यावर त्यांस उतार पडला. नंतरचे बहुतेक आयुष्य त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भूदृश्यरचनेचे अध्यापक म्हणून घालविले. ग्रंथात निसर्गाविषयी जी तळमळ आहे, तिच्या मुळाशी ही जिवावरच्या दुखण्याची आठवण आहे. म्हणूनच ग्रंथाची घडणही शास्त्रीय प्रबंधाची नाही. एक प्रकरण प्रत्यक्ष भूमीच्या अभ्यासाचे, तर पुढचे तत्त्वचिंतनाचे, अशी त्याची वीण आहे. प्रस्तावना लुइस ममफर्ड यांची आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिचे महत्त्व पुढे येईल.

ग्रंथातील सर्वोत्कृष्ट प्रकरण, आमच्या मते, न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्याचे आहे. १९६२ सालच्या मार्च महिन्यात या किनाऱ्यावर एक भयंकर वादळ आले. ओळीने पाच भरत्यांपर्यंत ते घोंगावत राहिले आणि हजारो घरे त्यात सापडली. मॅकहार्ग हे वादळ निमित्तास घेतात आणि वाळूच्या टेकाडांचे शास्त्र एखाद्या चांगल्या शिक्षकाप्रमाणे उलगडून दाखवितात. समुद्राकाठी वाऱ्याने साचलेल्या वाळूचे पहिले टेकाड हा किनाऱ्याचा तट. त्याच्या मागे सखल पट्टा, त्यामागे दुसरे टेकाड, त्याच्याही मागे सपाट जागा आणि शेवटी खाडी. पहिल्या टेकाडाची वाळू धरून ठेवते ते एक चिवट गवत. ते खारे वारे सोसते, रखरखीत ऊन सोसते. परंतु माणसाच्या पायाखाली तुडविले जाणे त्यास सोसत नाही. आता जेथे पायही ठेवू नये तेथे माणसांनी समुद्राची शोभा पाहण्यासाठी बंगले उठविले! गवत गेले, वाळू सुटली आणि तट फुटला. यावर मॅकहार्ग ‘किनाऱ्यावर राहू नका’ असे सांगत नाहीत. तट मोकळा सोडा, तो ओलांडावयाचा तर वरून पूल टाका, आणि वस्ती दुसऱ्या टेकाडाच्या मागील जागेत करा, असे ते सांगतात. निसर्गाचे रक्षण व माणसाची सोय ही येथे एकाच वाक्यात येतात. ग्रंथाचे सर्व सार या प्रकरणात आहे.

हेच सार त्यांनी एका रीतीत बांधले, आणि ग्रंथाची कीर्ती मुख्यतः या रीतीमुळे झाली. एखाद्या भूभागाचे अनेक नकाशे पारदर्शक कागदावर काढावयाचे: एक उताराचा, एक मातीचा, एक पाण्याच्या निचऱ्याचा, एक रानाचा, एक ऐतिहासिक स्थळांचा, आणि असे कितीतरी. जेथे हात लावल्यास हानी अधिक तेथे छटा गडद. जेथे कमी तेथे फिकी. मग सारे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावयाचे. जो भाग उजळ दिसेल तो बांधकामास योग्य; जो काळा दिसेल तो सोडून द्यावा. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावरून न्यावयाच्या एका हमरस्त्यास त्यांनी ही कसोटी लावली. सरकारी इंजिनियरांनी आखलेला मार्ग बेटाच्या मधल्या वनराजीतून जात होता. मॅकहार्ग यांच्या नकाशाने त्यासाठी निराळी वाट सुचविली. वनराजीतून जाणारा तो तुकडा पुढे बांधला गेला नाही आणि ते रान आजही उभे आहे. याचे श्रेय केवळ नकाशास देणे अन्याय होईल. नागरिकांनी तेथे चिकाटीने लढा दिला होता. तथापि लढणाऱ्यांच्या हाती असे साधन असणे ही लहान गोष्ट नव्हे. आज संगणकावर एकावर एक थर चढवून जे नकाशे नगररचनेच्या कचेऱ्यांतून केले जातात, त्यांत याच रीतीचा वारसा आहे.

परंतु या रीतीच्या पोटात एक दोष आहे आणि तो लहानसहान नाही. उताराची छटा आणि देवळाची छटा, मातीची छटा आणि देखाव्याची छटा, या एकमेकींत मिळवावयाच्या कशा? शेर आणि कोस यांची बेरीज होत नाही, तद्वतच हे आहे. बेरीज करावयाची तर कोणीतरी आधी ठरविले पाहिजे की, अमुक मोलाचे आणि तमुक कमी मोलाचे. आणि ते ठरविणारा नकाशात कोठेच दिसत नाही. स्टेटन आयलंडच्या अभ्यासात घरांच्या किमतीचाही एक थर आहे. महाग घरांची वस्ती गडद, स्वस्त घरांची फिकी. म्हणजे रस्त्याने श्रीमंतांची आळी टाळावी आणि गरिबांच्या आळीकडे वळावे, असा कौल निसर्गाच्या नावाखाली कागदातून आपोआप निघतो! ग्रंथकाराच्या मनात हा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा रोख बाजारभावावर सर्व काही मोजणाऱ्यांविरुद्धच होता. पण मागल्या दाराने तोच बाजारभाव आत आला, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. रंगछटा वस्तुनिष्ठ दिसते, म्हणून तिच्यातला पक्षपात अधिक धोक्याचा.

बाल्टिमोर शहराजवळच्या दोन दऱ्यांची योजना हे ग्रंथातील दुसरे महत्त्वाचे उदाहरण. डेव्हिड वॉलेस यांच्या साह्याने मॅकहार्ग यांनी ती केली. शहर तिकडे सरकत होते. तेथील जमीनमालकांनी या दोघांस बोलावून विचारले की, हा लोंढा येणार हे ठरलेलेच असेल तर आम्ही काय करावे? उत्तर असे निघाले की, दरीचा तळ व तिचे उतार मोकळे ठेवावेत आणि वस्ती वरच्या पठारावर करावी. आणि असे केल्याने जमिनीचे एकूण मोल बेबंद वाढीपेक्षा कमी न होता उलट वाढेल. वाढ अडवू नका, तिला वाट दाखवा, हा विचार येथे हिशेबासह मांडला आहे. पुढे १९६७ साली बाल्टिमोर जिल्ह्याने एक सीमारेषा आखली व तिच्यापलीकडे नळ आणि मोऱ्या नेऊ नयेत असे ठरविले. त्या साध्या निर्बंधाने दऱ्या बऱ्याच अंशी राखल्या गेल्या. पण राखल्या त्या कोणासाठी, हाही प्रश्न आहे. तेथे घोडे पाळणाऱ्या धनिकांची कुरणे शाबूत राहिली. ज्यांस स्वस्त घर हवे होते त्यांनी कोठे जावे, याचे उत्तर योजनेत शोधावे लागते. निसर्गरक्षण हे सुखवस्तू लोकांचे कुंपण होऊ शकते, ही शंका या प्रकरणातून उठते आणि ग्रंथ मिटल्यावरही राहते.

आता ग्रंथाच्या खऱ्या परीक्षेकडे वळू. टेक्सस प्रांतात ह्यूस्टनच्या उत्तरेस पाइनच्या रानात वुडलँड्स नावाचे गाव १९७४ साली वसू लागले. त्याचे प्रवर्तक जॉर्ज मिचेल हे तेलाच्या धंद्यातील धनाढ्य गृहस्थ. त्यांनी मॅकहार्ग व त्यांच्या सहकाऱ्यांस पाचारण केले आणि केंद्र सरकारने पाच कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. जमीन सपाट आणि पाण्याचा निचरा मंद. अशा ठिकाणी नेहमीचा उपाय म्हणजे रान तोडून सिमेंटची गटारे घालणे. पण तसे केले की जमिनीत मुरणारे पाणी थांबते, रान सुकते आणि खालच्या गावांस पूर येतो. मॅकहार्ग यांनी मातीची परीक्षा केली. रेताड, पाणी पिणारी जमीन मोकळी ठेवली. ज्या जमिनीत पाणी मुळातच मुरत नाही तेथे दाट वस्ती नेमली. रस्ते उंचवट्यांवरून नेले आणि गटारांऐवजी गवताळ उथळ चर ठेवले. त्यामुळे खर्चही वाचला, आणि धंदेवाईक मिचेल यांस योजना पटली ती मुख्यतः त्या कारणाने. १९७९ आणि १९९४ सालच्या अतिवृष्टींत ह्यूस्टनच्या परिसरात हाहाकार उडाला, तरी वुडलँड्सच्या या पहिल्या वस्त्यांचे नुकसान अल्पच झाले. न्यू जर्सीच्या वाळूविषयी जे ग्रंथात लिहिले ते टेक्ससच्या मातीत खरे ठरले.

पण कथा येथे संपत नाही. घर घेणाऱ्यांस दारासमोर चरात साचलेले पाणी आवडेना. त्यांस शहरासारख्या रेखीव कडा व बंदिस्त मोऱ्या हव्या होत्या. बांधणाऱ्यांनी गिऱ्हाइकाची आवड पाहिली आणि नंतरच्या वस्त्यांत हळूहळू जुनी गटारे परत आली. १९९७ साली मिचेल यांनी आपला हक्क विकला. मग तर मूळ योजनेस धनीच उरला नाही. पुढील वस्त्यांस पुराचा उपद्रव अधिक झाला असे अभ्यासकांनी दाखविले आहे. २०१७ सालच्या हार्वे वादळात तेथील काही भागांत घरांत पाणी शिरले. तो पाऊस असामान्य होता आणि सारा दोष गटारांवर टाकणे न्याय्य नव्हे, हे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते. एकाच गावात, एकाच मातीत, एकाच नकाशाखाली, आधीच्या पिढीने जे केले ते नंतरच्या पिढीने मोडले. नकाशा चुकला नव्हता. माती बदलली नव्हती. बदलला तो धनी. आणि राहणाऱ्यांपैकी बहुतेकांस तो चर तेथे का आहे हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

मॅकहार्ग यांच्या तत्त्वचिंतनात या प्रश्नाचे उत्तर मिळेल अशी वाचकाची अपेक्षा असते. तेथे ते मिळत नाही. त्या प्रकरणांत त्यांनी पाश्चात्त्यांच्या धर्मकल्पनेवर कडक प्रहार केले आहेत. मनुष्यास सृष्टीवर स्वामित्व दिले आहे, या समजुतीतच सर्व विध्वंसाचे बीज आहे असे त्यांचे मत आहे. आणि तिच्या तुलनेत पूर्वेकडील लोक, विशेषतः जपानी, निसर्गाशी एकरूप होऊन राहतात असे ते मोठ्या आदराने सांगतात. आपली स्तुती कोणास गोड लागत नाही? परंतु या स्तुतीने आपण हुरळून जाऊ नये. नदीस माता म्हणणाऱ्या लोकांनी मुंबईच्या मिठी नदीचे काय केले ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. विहार व पवई तलावांचे पाणी माहीमच्या खाडीस पोचविणारी ही नदी. तिच्या काठची खारफुटी बुजवून इमारती उठल्या, विमानतळासाठी तिचा प्रवाह वळविला गेला, आणि उरलेल्या पात्रात आम्ही गाळ व कचरा लोटला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदी आपली जुनी जागा मागावयास आली आणि शहरातील शेकडो माणसे प्राणांस मुकली. तेव्हा निसर्गप्रेम हे पूर्वेच्या रक्तात असते आणि पश्चिमेच्या नसते, हा ग्रंथकाराचा सिद्धान्त आम्हांस टिकाऊ वाटत नाही. धर्मग्रंथ कोणताही असो, ओढ्याकाठच्या जागेचा भाव वाढला की ओढा अरुंद होतो.

मग योजनेस धनी कोठून मिळावा? याचे उत्तर, चमत्कारिक वाटेल, पण मॅकहार्ग यांच्याच देशबांधवाने त्यांच्या जन्मापूर्वी देण्यास आरंभ केला होता, आणि तेही हिंदुस्थानात. ज्या ममफर्ड यांनी या ग्रंथास प्रस्तावना लिहिली, त्यांचे गुरू पॅट्रिक गेडिस. हे मूळचे जीवशास्त्रज्ञ १९१४ साली आपले नगरप्रदर्शन घेऊन इकडे आले आणि १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. आपले डॉ. घुर्ये हे त्यांच्या व्याख्यानांस बसत. रोगाचे निदान केल्यावाचून शस्त्र चालवू नये, आणि चालवावे लागलेच तर जिवंत भाग राखून थोडक्यात चालवावे, हा गेडिस यांचा नियम. इंजिनियर जुन्या पेठांतून सरळ रस्ते खणू पाहत, तेथे ते दोन पडकी घरे काढून चौक मोकळा करण्यास सांगत. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याची टूम निघाली होती. त्यांनी तलाव राखून त्यात डास खाणारे मासे सोडावेत असा सल्ला दिला. जमिनीचे ऐकावे हे मॅकहार्ग यांचे सूत्र येथे आहेच. मात्र गेडिस जमिनीबरोबर तिच्यावर राहणाऱ्यांचेही ऐकत. ते गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडत आणि मग लिहीत.

इंदूरचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. होळकर दरबारासाठी त्यांनी १९१८ साली दोन भागांचा अहवाल सादर केला. शहरात प्लेगाची दहशत होती. गेडिस यांनी एका दिवसापुरते राजेपण मागून घेतले आणि दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग आधी ठरविला नाही. ज्या आळ्या आपली घरे व रस्ते झाडून-सारवून सर्वांत स्वच्छ करतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराचे मोठे सोंग होते आणि झाडूवाल्यांस मानाचे स्थान होते. लोकांनी शहर साफ केले. कोणी यास नाटक म्हणेल, आणि ते नाटक होतेच; परंतु योजनेस आपले समजणारी माणसे निर्माण करण्याचा असा प्रयत्न मॅकहार्ग यांच्या ग्रंथात शोधूनही सापडत नाही. वुडलँड्सच्या चरांस अशी एखादी दिवाळी लाभली असती तर ते कदाचित टिकले असते. गेडिस यांचीही बाजू निर्दोष नाही. त्यांचे पुष्कळसे अहवाल दप्तरात पडून राहिले. लोक समजावले की वागतील, यावर त्यांची श्रद्धा प्रमाणाबाहेर होती, आणि जमिनीची तुलना करण्याची मॅकहार्ग यांच्यासारखी काटेकोर रीत त्यांच्यापाशी नव्हती. एकाजवळ नकाशा, दुसऱ्याजवळ नागरिक, असा हा प्रकार आहे.

या दोहोंची सांगड घालण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच सह्याद्रीत झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ साली अहवाल दिला. घाटाच्या सर्व प्रदेशाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून, भूरचना, रान, जीवसृष्टी इत्यादी निकषांवर प्रत्येक चौकोनास गुण देऊन समितीने त्याचे तीन वर्ग केले. ही मॅकहार्ग यांचीच वाट. पण पुढे समितीने सांगितले की, या सीमा व नियम अंतिम समजू नयेत. ग्रामसभांपुढे मांडून त्यांच्या विचाराने ते ठरवावेत. ही गेडिस यांची वाट. दुर्दैव असे की, अहवाल कित्येक महिने प्रकाशातच आला नाही; न्यायालयापर्यंत जावे लागले तेव्हा २०१२ साली तो लोकांस पाहावयास मिळाला. ग्रामसभांपर्यंत अहवाल पोचण्याआधी त्याविषयीच्या अफवा पोचल्या. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीने घाटाच्या सुमारे ३७ टक्के भागापुरते संवेदनशील क्षेत्र सुचविले आणि त्यानंतर मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा या दिरंगाईचा विचार ज्याच्या मनास शिवला नाही असा विचारी मनुष्य विरळा.

तात्पर्य, ‘डिझाइन विथ नेचर’ हा थोर पण अर्धा ग्रंथ आहे, असे आमचे मत आहे. जमीन वाचावी कशी हे त्याने एका पिढीस शिकविले आणि जे शिकविले ते वादळांच्या व पुरांच्या कसोटीस उतरले. २०१२ सालच्या सँडी वादळात न्यूयॉर्क शहरातील बळींपैकी निम्म्याहून अधिक स्टेटन आयलंडवरचे होते. ज्या किनाऱ्यावर घरे नसावयास हवी होती तेथेच ते घडले. त्याच बेटावर ओढे व पाणथळी राखून पावसाचे पाणी वाहून नेण्याची जी व्यवस्था नगरपालिकेने उभारली आहे, ती मात्र सिमेंटच्या मोऱ्यांपेक्षा स्वस्त व चांगली ठरली आहे. एकाच बेटावर ग्रंथाचा सल्ला मोडल्याचे फळ आणि तशाच विचाराने चालल्याचे फळ, अशी दोन्ही पाहावयास मिळतात. मात्र नकाशा राखणारी माणसे कशी घडवावीत, आणि नकाशात गरिबाच्या घराची छटा कोणी ठरवावी, या दोन प्रश्नांपुढे ग्रंथ मुका होतो.

आमच्या शहरांच्या विकास आराखड्यांवर हरकती व सूचना मागविण्याची मुदत असते. तो आराखडा भिंतीवर टांगलेला असतो. आपल्या आळीतला ओढा त्यात कोणत्या रंगाने दाखविला आहे, हे जाऊन पाहणारे सुशिक्षित गृहस्थ किती? ज्यांस नकाशा वाचता येतो त्यांनी तो वाचावा, ज्यांस येत नाही अशा शेजाऱ्यांस वाचून दाखवावा, आणि ओढ्याकाठच्या झोपडीत राहणाऱ्याचे म्हणणेही त्या मुदतीत लेखी पोचते करावे. मॅकहार्ग यांच्या ग्रंथाचा राहिलेला अर्धा भाग लिहावयाचा तो ह्या कामातूनच.